ट्रकच्या आधी काठी

महिन्यातून एखादा तरी फोन येतो. बोलणारा कधी कराडचा असतो, कधी विट्याचा. झाडं छाटायचा धंदा नव्यानं काढलेला असतो, दोन करवती आणि दोरखंड जमवलेले असतात आणि आता गाडी घ्यायची असते. "सर, कुठली गाडी घेऊ? तुमचा अनुभव सांगा." मग अनुभव तोच सांगायला लागतो. अमुक गाडी एवढा भार ओढते, तमुकचं इंजिन असं आहे, तिसरीला मागं उचलायची सोय आहे. सगळं मोबाईलवर वाचलेलं. मी ऐकून घेतो आणि विचारतो, "काठी आहे का तुमच्याकडं?"

"काठी?" पलीकडचा विचारतो, आणि परत गाडीवर येतो.

काठीची गोष्ट फोनवर सांगून संपत नाही. प्रत्येक वेळी मी निम्म्यातच थांबतो, कारण पुढचं निम्मं सांगायला जरा अवघड आहे. यंदा ते लिहूनच काढतो.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं कारण अजून सापडलेलं नाही. माझे वडील आष्ट्याच्या एका वखारीत लाकूड कापायचे. वखारीतल्या मोठ्या करवतीला दोन मुठी असतात. एक मूठ वडिलांच्या हातात, दुसरी मारुतीआप्पांच्या. एकानं ओढायचं तेव्हा दुसऱ्यानं सोडायचं. दोघांनी निम्मा जन्म असा समोरासमोर बसून काढला. आप्पा आमच्या भावकीतले नव्हते, नात्यातलेही नव्हते, पण माझा निकाल लागला त्या दिवशी वखारीत पेढे त्यांनीच वाटले. तिथंच माझं नाव बदललं. "आला बगा आमचा बीएस्सी!" तेव्हापासून बायको सोडून सगळा मुलूख मला बीएस्सीच म्हणतो. कुणी कौतुकानं, कुणी टोमण्यानं. पुढची तीन वर्षं नोकरी मिळेना, तेव्हा टोमणेच जास्त होते.

धंदा सुरू झाला तो इस्लामपूरच्या एका डॉक्टरांच्या आंब्यामुळं. आंबा दवाखान्याच्या कौलांवर झुकला होता. झाड मरायला नको आणि कौलंही फुटायला नकोत, असं डॉक्टरांचं म्हणणं. वखारीत निरोप आला. वडील म्हणाले, "पाडायचं आसंल तर सांगा. अर्धं पाडणं आमाला येत न्हाई." मी म्हणालो, मला येतं. खरं तर येत नव्हतं, पुस्तकात वाचलं होतं. सांगायला मी आणि चढायला आप्पा, अशी जोडी त्या दिवशी जमली.

बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे झाडं तोडणं. तसं नाही. रानात झाड पाडतात, गावात ते उतरवतात. रानात बुडाला घाव घातला की झाड पडायला मोकळं. गावात त्याला पडायला जागाच नसते. एका अंगाला कौलं, दुसऱ्या अंगाला विजेच्या तारा, तिसऱ्या अंगाला शेजाऱ्याची कोरी मोटारसायकल आणि चौथ्या अंगाला मालक स्वतः, कमरेवर हात ठेवून. मग शेंड्यापासून सुरुवात करावी लागते. वरचा माणूस फांदीला दोर बांधतो. तो दोर वरच्या जाड बेचक्यातून खाली येतो. खालचा माणूस तो बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन धरतो. वर करवत चालते, फांदी सुटते, दोर ताणतो आणि वेढ्यातून सोडावी तशी फांदी तान्ह्या पोरासारखी अलगद खाली येते. सगळी मदार त्या वरच्या माणसावर. आणि आमचा वरचा माणूस म्हणजे आप्पा.

डॉक्टरांच्या आंब्यावर आमचं पहिलं भांडण झालं. फांदी खोडाला मिळते तिथं एक फुगीर कडं असतं. ते राखून बाहेरून कापलं तर झाड स्वतःची जखम भरतं. खोडाला चिकटून कापलं तर ती जागा कुजते. मी खालून ओरडून हे सांगत होतो. आप्पा वरून म्हणाले, "झाडाला काय कातडी येती व्हय रं? का पुस्तकात दवाखाना हाय झाडांचा?" पण कापलं मी सांगितलं तसंच. वर्षानं आम्ही त्याच आंब्याकडं परत गेलो. आप्पा शिडीवर चढले. कापलेल्या जागेच्या कडेनं गोल साल आत सरकली होती. त्यांनी त्यावरनं अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवला. खाली येऊन म्हणाले, "आलीया कातडी." त्या दिवसापासून कुठं कापायचं ते मी ठरवायचं. कसं पोचायचं आणि कसं उतरवायचं, हे त्यांनी. या वाटणीत कुणी कुणाच्या हद्दीत शिरायचं नाही, असं न बोलता ठरून गेलं.

आप्पांच्या दोन सवयी होत्या. पहिली, कामाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी झाडापाशी जायचं, बुंध्यावर तळहातानं तीनदा थोपटायचं आणि सांगायचं, "उद्या येतोय." झाडाला सांगताय की पाखरांना, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "ज्याला आयकू यील त्याला."

दुसरी सवय काठीची. वखारीच्या बैलगाड्या पूर्वी घरोघर जळण पोचवायच्या. अरुंद बोळात भरलेली गाडी अडकली की बैल मागं सरत नाहीत, सगळं लाकूड उतरवावं लागतं. म्हणून आप्पांनी गाडीच्या रुंदीएवढी एक वेळूची काठी कापली होती. नवं घर असलं की आधी ती काठी दोन्ही हातांनी कमरेपाशी आडवी धरून ते रस्त्यापासून दारापर्यंत चालत जायचे. काठी भिंतीला घासली, तर गाडी बाहेरच थांबवायची. आमच्या धंद्यातही ती पद्धत त्यांनी चालू ठेवली. बोळातून एक म्हातारा आडवी काठी धरून नवरदेवाच्या घोड्यासारखा एकेक पाऊल टाकत येतोय, हे बघायला बायका दारात यायच्या. "काय मोजताय आवं आप्पा?" "तुमची गल्ली जाडी झालीया का बारीक, ते बगतोय."

गिऱ्हाईकं एकेक असायची. सांगलीत एकांनी छतावर सौरऊर्जेच्या पाट्या बसवल्या आणि आम्हाला बोलावलं. अंगणात रामफळाचं मोठं झाड. "झाडाला हात लावू नका, वडिलांनी लावलंय. फक्त सावली तेवढी काढा." आप्पा वर बघत उभे राहिले. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "सावली आमी काढतो सायेब. पण सूर्याकडनं तुमी लिहून आणा." ते काम गेलं. दोन वर्षांनी त्याच गृहस्थांनी परत बोलावलं, पाट्यांची जागा बदलायची कुठं ते विचारायला.

वडील गेल्यावर आप्पा माझ्याकडंच रुळले. त्यांचा मुलगा फौजेत, सून नातवंडांना घेऊन त्याच्या बदलीच्या गावी. खायची भ्रांत नव्हती. "आप्पा, आता खाली बसून दोर धरा, वर दुसरा कुणी चढवू," असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "खाली काय हाय?"

साठी उलटली होती. किती उलटली होती, ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं.

औंधला एका मळ्यातल्या घरावर चिंच आली होती. आप्पा वर होते, मी खाली. ऊन असं डोळ्यांवर येत होतं की त्यांचा नुसता काळा आकार दिसत होता. एका फांदीवरून दुसरीवर पाय टाकताना ते थांबले, आणि त्यांची डावी पोटरी शिलाई मशिनच्या सुईसारखी थडथडताना मला दिसली. खाली आल्यावर ते चिंचेला धरून बराच वेळ उभे राहिले. "मुंग्या आल्या जरा," म्हणाले. पुढचे आठ-दहा दिवस त्यांच्या अंगाला तेलाचा वास येत होता. माझ्या बायकोनं, सुनंदानं, चहा देताना तो ओळखला. "आवं, आप्पांचा गुडघा गेलाय," ती मला आत येऊन म्हणाली, "तुमाला दिसत न्हाई का बघायचं न्हाई?"

गाडीचा विषय निघाला तो याच सुमारास. तोवर आम्ही भाड्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर भागवत होतो. पण आमच्या भागात ऊसतोड सुरू झाली की सगळ्या ट्रॉल्या कारखान्याच्या वाटेला लागतात. चार-पाच महिने सोन्याच्या मोलानंही ट्रॉली मिळायची नाही आणि उतरवलेल्या फांद्या लोकांच्या अंगणात पडून राहायच्या. स्वतःचा ट्रक घ्यायचं ठरलं.

मी कामाला लागलो तो कागद-पेन घेऊन. कुठली गाडी किती टन नेते, याचा तक्ता केला. आप्पांनी तो उलटासुलटा बघितला आणि म्हणाले, "बीएस्सी, कापूस आनि लोखंड एका काट्यावर मोजू नगंस." त्यांचं बरोबर होतं. फांद्या वजनानं गाडी भरत नाहीत, पसाऱ्यानं भरतात. एका मध्यम आंब्याच्या फांद्या ट्रक दाबत नाहीत, पण तीन खेपा खातात. आम्हाला जोर नको होता, जागा हवी होती. तिथं माझा अर्धा तक्ता फुकट गेला.

तीन गाड्या बघितल्या. पहिली बापू हवालदारनं शोधलेली; तेव्हा तो खाली दोर धरायचा, पुढं आमचा ड्रायव्हर झाला. बापू शाळेत माझ्याच बाकावर होता. दहावीनंतर फौजेत गेला, गाड्या चालवून निवृत्त होऊन आला आणि माझ्याकडं लागला. फौजेनं लिलावात काढलेला एक ट्रक कराडला उभा होता, पुढं ओढायचा साखळदंड वगैरे. बापूचे डोळे पाणावले. "गड्या, एकदम फर्स्ट क्लास चीज हाय. ही गाडी बर्फात चालल्याली हाय!"

"चालू दे की," आप्पा म्हणाले, "पण सांगलीत बर्फ कवा पडतोय, तेवढं सांग."

दुसरा सांगलीतला एक साधा सहाचाकी ट्रक. तिन्ही बाजूंच्या फळ्या उघडणारा, अंगानं अरुंद, दिसायला सोज्वळ.

तिसरी गाडी साताऱ्याला. ती बघितली आणि माझं मन तिथंच राहिलं. मागं लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला माणूस उभा राहील एवढा कठडा. रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायला वापरतात तसा. खटका दाबला की तो हात माणसाला उचलून शेंड्यापर्यंत नेतो. चढायला नको, पाय थडथडायला नको. मी मालकाला सांगून तो वर नेऊन खाली आणून दाखवायला लावला. आप्पांनी खालून बघितलं.

"ह्यो पाळणा व्हय?"

"हां. ह्यात उभं राहून काम करायचं."

"म्हाताऱ्याला पाळण्यात घालतूस व्हय रं?" ते हसत म्हणाले. बापूही हसला. मीही हसलो. पण परतीच्या वाटेवर आप्पा उंब्रजपर्यंत खिडकीबाहेरच बघत होते.

मला गाडी हवी होती ती आप्पांसाठी. ते पडू नयेत म्हणून. आप्पांना वाटलं, गाडी हवीय ती त्यांच्याऐवजी. दोघांपैकी कुणीही हे तोंडानं बोललं नाही. बोललो असतो तर पाच मिनिटांचं काम होतं.

दोन दिवसांनी आप्पा म्हणाले, "घ्यायच्या आधी काठी फिरवू. पाळणा आपल्या बोळांत जातोय का, बगू." मला पटलं. साताऱ्याला त्या गाडीची रुंदी त्यांनी सुतळीनं घेतलीच होती, गाठ मारून. सुतळीवरनं त्यांनी नवी काठी कापली आणि आम्ही निघालो. वाईला गेलो, घाटाकडच्या आळीत. दुसऱ्या दिवशी सांगलीला, नदीकडच्या जुन्या वस्तीत. आमची नेहमीची गिऱ्हाईकं होती तिथं तिथं. आप्पा काठी आडवी धरून चालायचे, मी मागं वही घेऊन. काठी घासायची. "न्हाई जात." पुढचा बोळ. "हितंबी न्हाई." तिसऱ्या-चौथ्या बोळापासून त्यांच्या चालण्यात एक हुशारी आली. गुडघा दुखतोय असं त्या दोन दिवसांत कुणी म्हटलं नसतं.

सांगलीतल्या एका बोळात तर काठी दोन्ही भिंतींना अशी अडकली की सोडवायला तिरकी करावी लागली. मी वहीत फुली मारली आणि मान वर केली. बोळाच्या आत, पार शेवटच्या घरासमोर, पाण्याचा टँकर उभा होता. भलामोठा. बायका हंडे लावून भांडत होत्या.

"आप्पा, टँकर कसा गेला मग?"

आप्पांनी टँकरकडं बघितलं. "बारीक हाय त्यो," म्हणाले, आणि काठी खांद्यावर टाकून चालू लागले.

त्या दिवशी दिवेलागणीला काठी माझ्या दारात उभी होती. मी टेप काढली आणि मोजली. साताऱ्याच्या मालकानं दिलेल्या कागदावर गाडीची रुंदी लिहिलेली होती, ती शेजारी धरली. परत मोजली. काठी एक वीत जास्त होती.

सुतळीला अशी चूक होत नाही. आणि आप्पांच्या हाताला तर नाहीच. ज्या माणसाची करवत आयुष्यात रेघ सोडून गेली नाही, त्याची काठी वीतभर चुकत नसते.

सुनंदा दारात आली. मी तिला सांगितलं. तिनं काठी भिंतीला नीट टेकवून ठेवली. मग म्हणाली, "मग आता तुमी काय करणार? त्यास्नी सांगणार?"

"काय सांगू? तुमी मला फसवलंत म्हणून?"

"तसं कशाला? गुडघा दुखतोय ते म्हाईत हाय म्हणून सांगा."

"त्यांना लागेल."

"आनि पडल्यावर लागायचं न्हाई व्हय?" ती म्हणाली आणि आत गेली.

मी शिकलेला माणूस. झाडाची जखम कशी भरते ते मला ठाऊक, लॅटिनमधून झाडांची नावं पाठ. पण वडिलांच्या जागी असलेल्या माणसाला "आता तुम्ही चढू नका" हे कुठल्या शब्दांत सांगायचं, ते मला कुठल्या वर्षाला नव्हतं. सकाळी मी आप्पांना म्हणालो, "पाळणा नको. सगळ्याच बोळांत अडकतोय." ते म्हणाले, "मग काय! मी तेच म्हणत हुतो." त्यांचा चेहरा बघून मला बरं वाटलं. बरं वाटलं, हे मी इथं कबूल करतो. आम्ही सांगलीचा साधा ट्रक घेतला.

आणि ती दोन वर्षं! माझ्या कामाच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं कुठली असं विचारलं, तर मी तीच सांगेन. ट्रकच्या दारावर धंद्याचं नाव लिहायला पेंटर आला तेव्हा माझ्या नावापुढं "बी.एस्सी." घालायचा आग्रह आप्पांचा. मी नको म्हणत होतो. "नको कसं? तुझ्या बानं त्यापायी करवत ओढलीया." पेंटरनं ते शब्द नावापेक्षा मोठे काढले. अजून तसेच आहेत.

भरलेला ट्रक निघाला की आप्पा केबिनमध्ये बसायचे नाहीत. फांद्यांच्या ढिगावर, हिरव्या पाल्यात बसायचे, पागोटं वाऱ्यावर, तोंडात पान. मी आणलेल्या शिरस्त्राणात त्यांचा चुना-तंबाखूचा संसार असायचा. मिरजेच्या वाटेवर एक वस्ती होती, तिथल्या शेळ्या आमचा हॉर्न ओळखायच्या. बापूनं हॉर्न दिला की आधी शेळ्या रस्त्यावर यायच्या, मग त्यांच्यामागं धावत मालकिणी. आप्पा वरून पाल्याचे भारे टाकायचे आणि प्रत्येक शेळीला काहीतरी बोलायचे. "ए भवाने, तुला परवा जास्त दिलाय!" जाड लाकूड वखारीला, बारीक काटक्या गुऱ्हाळाला, पाला शेळ्यांना. संध्याकाळी ट्रक झाडून काढला की त्यात ओंजळभर भुसा उरायचा. तोही सुनंदा चुलीला न्यायची.

मात्र त्या दोन वर्षांत आप्पा वर असताना मी कधी खाली बसलो नाही. उभाच असायचो. मान दुखायची. प्रत्येक वेळी ते खाली येऊन पहिला पाय जमिनीवर टेकवायचे, तेव्हा माझ्या मनात ती वीत मोजली जायची.

सांगलीत एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या परसात जांभूळ होतं. जांभळाचा आमच्या धंद्यात कुणी भरवसा धरत नाही. आंबा मोडायच्या आधी वाकतो, कुरकुरतो. जांभूळ काही न सांगता कटकन मोडतं. दुपारचे तीन-साडेतीन. ट्रक परसाच्या दारातून थेट झाडाखाली आणून लावला होता, निम्मा पाल्यानं भरला होता. आप्पा दोन माड्यांएवढे वर. करवत चालू होती, मग थांबली. मी वाट बघितली. सुरू होईना.

"आप्पा?"

"बसलोय जरा."

बापूनं दोर धरूनच माझ्याकडं बघितलं. आप्पा कामात कधी बसत नसत.

"पान खाताय का?"

 वरून वेगळ्याच आवाजात उत्तर आलं, "बीएस्सी, गुडघा धरलाय. हलंना."

बाई घाबरल्या. "अहो, अग्निशमनवाल्यांना बोलावते मी!"

"बाई," वरून आवाज आला, "बंब बोलवलासा तर मी हितनं उडी टाकीन. आमची काय अब्रू हाय का न्हाई?"

पट्ट्यानं ते झाडाला बांधलेले होते, पण ती फांदी किती वेळ त्यांना धरेल, हे जांभळालाच ठाऊक. चढायला मीच होतो. मी चढतो, पण शिकलेल्या माणसासारखा चढतो, विचार करून. जांभळावर विचार करायला वेळ नसतो. मी दुसरा दोर कमरेला बांधून निघालो आणि आप्पा वरून सांगू लागले. "उजवीकडची धरू नगंस, ती वाळल्याली हाय. डावा पाय बेचक्यात घाल. घाई करू नगंस, मी काय कुठं चाललो न्हाई." त्यांच्यापर्यंत पोचलो तेव्हा त्यांचा चेहरा घामानं निथळत होता आणि डावा पाय लाकडासारखा ताठ. मी दोर त्यांच्या मांड्यांखालून, छातीभोवती घेतला. गाठ मारली. त्यांनी माझी गाठ चाचपली, सोडली, आणि परत स्वतः मारली.

मग खाली वाकून म्हणाले, "हवालदार, तीन वेढे घे. मी फांदीपेक्षा जड हाय. आनि मला पाल्यात उतरव, लाकडात नगं."

बापूनं दोर सोडायला सुरुवात केली. ज्या माणसानं आयुष्यभर फांद्या उतरवल्या तो त्याच दोरावर, तसाच हळूहळू फिरत, खाली निघाला. मी वरून त्यांना खोडापासून दूर धरत होतो. ते डोळे मिटून नव्हते गेले. दर हात-दोन हातांनी वर बघून बेचक्यातला दोर कसा सरकतोय ते बघत होते. शेवटी पाल्याचा खसखस आवाज आला.

मी खाली आलो तेव्हा ते ट्रकमध्ये पाल्यात उताणे पडलेले, वर जांभळाकडं बघत. बाई चहाचा कप घेऊन फळीपाशी उभ्या. आप्पाच म्हणाले, "चांगलं उतरवलासा. कुठं घासलं न्हाई."

कामाची ती शाबासकी होती. त्यांच्या तोंडून तेवढी मोठी मी दुसरी ऐकलेली नाही.

आणि ट्रक परसाच्या दारातून बाहेर निघाला तेव्हा मी मात्र भिंतींकडं बघत होतो. दोन्ही अंगांना. आमच्या अरुंद ट्रकच्या बाजूला हात हात जागा मोकळी होती. साताऱ्याची गाडी तिथं आली असती. सहज आली असती. आमच्या वहीत या घरावर फुली होती.

गाडीत परत येताना मी आप्पांना केबिनमध्ये बसा म्हणालो. ते पाल्यातच बसले. शेळ्यांच्या वस्तीपाशी बापूनं हॉर्न दिला नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. गुडघ्यावर मिरजेत उपचार झाले, आप्पा चालायला लागले. झाडावर परत चढले नाहीत. पुढच्या वर्षी आमच्याकडं पाळण्याची गाडी आली. पहिले काही महिने आप्पा तिच्याकडं पाठ करून बसायचे. नंतर एकदा "बगू काय हाय ते," म्हणून चढले आणि शेंड्याशी जाऊन तासभर खाली यायचं नाव घेईनात. आमचा सगळा हिशेब ते वरूनच द्यायला लागले, कुठल्या पोरानं कुठं चुकीचं कापलंय याचा. पाळण्यात उभ्या राहणाऱ्या आमच्या सगळ्या माणसांना आदल्या संध्याकाळी बुंधा थोपटायची शिस्त त्यांनीच लावली.

पण मला सांगायचं आहे ते याच्या आधीचं. मिरजेहून ते घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी अंगणात करवतीला धार लावत होतो. आप्पा हातात आधाराची काठी घेऊन एकेक पाऊल टाकत आले. कट्ट्यावर टेकले. मग त्यांनी भिंतीला उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या काठीकडं बोट केलं, साताऱ्याच्या गाडीच्या.

"ती आण."

मी आणली. त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली. टोकापासून आत वीत घातली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि करंगळीच्या जागी नखानं खूण केली.

"धर त्या अंगानं. घट्ट धर."

मी दुसरं टोक धरलं. त्यांनी मी धार लावलेली करवत घेतली आणि चालवली. तुकडा खाली पडला. आप्पांनी कापलेल्या तोंडावरचा भुसा फुंकला, काठी माझ्या हातात दिली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मोजून बग. तू शिकल्याला हाईस."

टेप माझ्या खिशात होती. मी काढली नाही.

"बरोबर हाय, आप्पा," मी म्हणालो.